पाय वाढतोय तोवर

गेल्या दोन महिन्यांतली पत्रं मांडून बसले तेव्हा लक्षात आलं, निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत. ग्रेहाउंड, व्हिपेट, बोर्झोई, आयरिश वुल्फहाउंड अशा पळणाऱ्या जातींची पिल्लं, वय दोन ते आठ महिने, आणि प्रत्येकाची काळजी पायांची. म्हणून या अंकात खोकला, गोचीड, लसीकरण सगळं बाजूला ठेवलं आहे. सव्वीस वर्षं जनावरांच्या हाडांवर काम करते आहे. त्यातली सगळ्यात जास्त हळहळ मला उशिरा आलेल्या पिल्लांची वाटते. त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्तच जागा दिली आहे.

आमची ग्रेहाउंड पिल्ली चौदा आठवड्यांची असताना सोफ्यावरून उडी मारताना पडली. ओरडली, दोन दिवस लंगडली. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही असं सांगितलं. चौथ्या दिवशी ती पळायलाही लागली. आता ती साडेचार महिन्यांची आहे. उजवा पुढचा पंजा बाहेरच्या बाजूला फेंगडा पडतोय आणि मनगटाच्या वर पाय पुढे वाकल्यासारखा दिसतो. खाते, खेळते, हात लावला तर ओरडत नाही. ओळखीचे सगळे म्हणतात, वाढीत सरळ होईल. थांबावं का?

थांबू नका. तुम्हाला मी हे पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं आहे, पण कारण इथे सविस्तर लिहिते, कारण असंच पत्र आणखी तिघांचं आहे.

कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपर ते मनगट दोन हाडं शेजारी शेजारी असतात. रेडियस पुढे, अल्ना मागे. हाड मधूनच लांबत नाही. त्याच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. लांबी तिथे तयार होते. रेडियसला वर एक आणि खाली एक अशा दोन्ही चकत्या कामाला असतात. अल्नाचं तसं नाही. तिच्या लांबीतला सुमारे ८५ टक्के वाटा मनगटाजवळच्या एकाच चकतीचा असतो. आणि कुत्र्यात या चकतीचा आकारच असा आहे की ती दगा देते. इतर चकत्या बऱ्यापैकी सपाट असतात, ही मात्र शंकूसारखी, एकात एक बसवलेल्या दोन पेल्यांसारखी. सपाट चकतीवर आडवा मार बसला तर ती सरकते, आणि सरकलेली एक्स-रेत दिसते. शंकू सरकू शकत नाही. आडवा असो की उभा, मार बसला की तो आतल्या आत चेपतो.

चेपलेली चकती पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत दिसत नाही. मुलांच्या हाडांच्या अशा दुखापतींची वर्गवारी सॉल्टर आणि हॅरिस या दोघांनी १९६३ मध्ये मांडली, तीच आम्ही जनावरांसाठी वापरतो. त्यातला पाचवा प्रकार म्हणजे हीच चेपण. ती कळते दोन ते चार आठवड्यांनी, जेव्हा वाढ थांबलेली असते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितलं ते चूक नव्हतं. हाड खरंच मोडलेलं नव्हतं. कमी पडली ती दुसऱ्या एक्स-रेची तारीख.

आता पुढे काय होतं ते बघा. अल्ना थांबली, रेडियस वाढतेच आहे. दोन्ही वर-खाली एकमेकींना बांधलेल्या. आखूड राहिलेली अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी ताणते आणि रेडियस धनुष्यासारखी पुढे वाकते. मनगटाला बाहेरच्या बाजूने मिळणारा आधार अल्नाचा असतो, तो आखूड झाला की पंजा त्या बाजूला वळतो. हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान वर, कोपरात होतं. रेडियस वाढता वाढता दंडाचं हाड वर ढकलते आणि अल्नाच्या खाचेतून ते हळूहळू उचकटायला लागतं. पंजा वाकडा असलेलं कुत्रं आयुष्य सुखाने काढू शकतं, पण बिघडलेल्या कोपराचं कुत्रं तीन-चार वर्षांचं होताहोता उठताना कण्हायला लागतं. पिल्लू ओरडत नाही याचा अर्थ ते ठीक आहे असा घेऊ नका. हळूहळू येणाऱ्या दुखण्याची पिल्लांना सवय होते.

"वाढीत सरळ होईल" हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण इथे वाढ हीच पाय वाकवते आहे. जितकी वाढ शिल्लक, तितका वाक पुढे वाढणार. आणि तुमच्या बाजूची एकमेव गोष्टही तीच, शिल्लक असलेली वाढ. वाक बेताचा असेल आणि पिल्लू साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत असेल, तर अल्नाचा एक छोटा तुकडा त्याच्या आवरणासकट काढून टाकतात. दोरी कापल्यासारखंच ते. मोकळ्या जागेत त्याच पिल्लाच्या अंगातली चरबी भरतात, म्हणजे टोकं लगेच जुळत नाहीत. या सडपातळ पिल्लांत तेवढी चरबीसुद्धा शोधावी लागते! मग रेडियस स्वतःच्या वाढीने बरीचशी सरळ होते. वाढ जोरात असेल तर कापलेली टोकं पुन्हा जुळतात आणि तेच ऑपरेशन दुसऱ्यांदा करावं लागतं, याची तयारी ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे काढायला सांगितला तर कंटाळू नका. पाय शेवटी थोडा आखूड राहील. तेवढी तूट कुत्रं कोपर आणि खांदा जरा सरळ ठेवून भरून काढतं.

तीच पिल्ली नऊ-दहा महिन्यांनी आणलीत, तर चकत्या बंद होत आलेल्या असतात. मग रेडियस कापून, फिरवून, सरळ करून धातूच्या पट्टीने किंवा बाहेरच्या चौकटीने बसवावी लागते. ते मोठं काम आहे. होतं, मी करते, पण कोपराचं झालेलं नुकसान त्यातून परत येत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर दोन गोष्टी मागा. एक्स-रे दोन्ही पायांचा काढा, दुखऱ्या एकट्या पायाचा नको, कारण या वयात धड पाय हीच मोजपट्टी असते. आणि प्रत्येक फिल्ममध्ये कोपर ते मनगट सबंध दिसू द्या, समोरून आणि बाजूने.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते त्यामागे एक सालुकी आहे, तीही पळणारीच जात. कामाला लागून मला तिसरं वर्ष होतं. चार महिन्यांचं पिल्लू, पाय दारात सापडलेला. एक्स-रे मीच वाचला, मोडलेलं नाही म्हणून सांगितलं, दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि घरी पाठवलं. पुन्हा बोलावलं नाही. ती माणसं शहाणी होती, सांगितलं असतं तर आली असती. आली ती पिल्लू साडेसात महिन्यांचं झाल्यावर, लसीसाठी. टेबलावर ठेवायच्या आधीच मला पंजा दिसला. ऑपरेशन केलं, पाय सरळ दिसायला लागला, पण कोपर गेलेलं होतं. ती चालायची, दुडकी पळायची. सालुकी जे पळणं पळते, चारही पाय जमिनीवरून सुटतात ते, तिला कधी जमलं नाही. त्यानंतर आजतागायत पुढच्या पायाला मार लागलेलं एकही पिल्लू दुसऱ्या एक्स-रेची तारीख हातात दिल्याशिवाय मी दाराबाहेर जाऊ दिलेलं नाही. तुम्हाला तारीख दिली नसेल तर मागून घ्या. आठ महिन्यांच्या आतलं पिल्लू पडलं, चिरडलं, आपटलं आणि दोन दिवस जरी लंगडलं, तर तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. मधल्या काळात ते पळत असलं तरीही.

घरी एक काम करा. दर रविवारी पिल्लाला सपाट, न घसरणाऱ्या जमिनीवर उभं करा आणि पिल्लाच्या छातीच्या उंचीवर कॅमेरा धरून एक फोटो समोरून, एक बाजूने काढा. रोज बघणाऱ्याला वाक दिसत नाही. चार रविवारचे फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

आमच्या बोर्झोई पिल्लाची (पाच महिने) पुढची दोन्ही मनगटं गाठी आल्यासारखी फुगली आहेत. पंजेही किंचित बाहेर वळलेले आहेत. हाडं कच्ची आहेत असं सांगून एका जुन्या श्वानपालकांनी कॅल्शियमचं सिरप चालू करायला लावलं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी मिळणारं तयार खाणं त्याला देतोच, वर रोज दोन चमचे सिरप, दूध आणि सकाळचं ऊन. तरी गाठी कमी होत नाहीत. डोस वाढवावा का?

सिरप आजच बंद करा.

आधी गाठींबद्दल, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. पळणाऱ्या जातींच्या पिल्लांची हाडं लांब आणि बारीक, वर मांस कमी, कातडी पातळ. तीन ते सहा महिन्यांत वाढ सगळ्यात जोरात असते तेव्हा मनगटाजवळच्या चकत्या रुंद होतात आणि अशा अंगावर त्या गाठीसारख्या दिसतात. दोन्हीकडे सारख्या, दाबल्यावर न दुखणाऱ्या, गरम नसलेल्या, पिल्लाला ताप नाही, तर ती वाढीची जागा आहे. किंचित बाहेर वळलेले पंजेसुद्धा या वयात दिसतात, कारण छाती अजून अरुंद असते आणि कोपरं आत दबलेली असतात. छाती भरली की ते पुष्कळसं सरळ होतं. इथे खरंच वाट बघायची असते. मघाच्या पत्रातला पाय आणि हे पाय यांत मोठा फरक हा की तिथे एकच बाजू बिघडली होती. तरीही हाताने तपासून घ्या, कारण कॅल्शियम किती दिवस जास्त गेलं ते मला पत्रावरून कळत नाही.

आता सिरप का बंद करायचं ते. वाढ पूर्ण झालेलं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून घेतं आणि बाकीचं सोडून देतं. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ही नकार देण्याची सोय नसते. समोर येईल त्यातला मोठा भाग त्याच्या अंगात शिरतो. शरीर मग ते हाडांत कोंबतं, आणि त्या धांदलीत कूर्चेचं हाडात रूपांतर होण्याचं काम बिघडतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर हे नीट तपासलं गेलं. ज्यांना जास्त कॅल्शियम दिलं त्यांचीच हाडं आणि सांधे बिघडले. म्हणजे हाडं बळकट व्हावीत म्हणून दिलेल्या गोष्टीनेच ती बिघडली. मोठ्या जातींत एक्स-रेत कधीकधी अल्नाच्या खालच्या टोकात मेणबत्तीच्या ज्योतीसारखा काळसर आकार दिसतो. ती हाड न झालेली, अडकून राहिलेली कूर्चा असते. ती असली की अल्ना मागे पडते आणि पुन्हा तीच धनुष्य-दोरीची गोष्ट सुरू होते, फक्त या वेळी दोन्ही पायांत.

तुमच्या पिल्लाच्या तयार खाण्यात जे लागतं ते आहे. पिशवीवर कॅल्शियमचा आकडा बघा. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी, पाणी वजा करून उरणाऱ्या कोरड्या भागात कॅल्शियम ०.८ टक्क्यापेक्षा कमी नसावं आणि १.८ टक्क्याच्या वर जाऊ नये. फॉस्फरसपेक्षा ते थोडंसं जास्त असावं, सव्वापट ही चांगली जागा. एवढं जुळत असेल तर वरून चमचाभरसुद्धा काही नको. दूधही त्याच हिशेबात येतं, ते बंद केलं तर काही बिघडणार नाही.

ज्यांच्याकडे घरी शिजवलेलं किंवा नुसतं मांस देतात त्यांचा प्रश्न उलटा असतो, आणि तोही तितकाच गंभीर आहे. निव्वळ मांसात कॅल्शियम फार थोडं असतं, फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून उपसतं. अशी पिल्लं मी पाहिली आहेत. एक्स-रेत हाडाच्या भिंती कागदासारख्या दिसतात आणि साध्या उडीने हाड ओल्या फांदीसारखं दुमडतं. त्यांना कॅल्शियम लागतंच, पण ते आहाराचा हिशेब करून, ग्रॅममध्ये मोजून. चमच्याने अंदाज करायचा नाही.

उन्हाबद्दल थोडक्यात. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. पिल्लाला सकाळी उन्हात लोळू द्या, त्याला आवडतं. हाडांचा इलाज म्हणून मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब आपल्या मनाने देऊ नका, ते साठून विषारी ठरतात.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. पिल्लाला गुबगुबीत करू नका. लवकर मोठं आणि जड झालेलं पिल्लू कच्च्या चकत्यांवर वजन टाकतं. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं होतं. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या खुब्यांचं दुखणंही कमी होतं. बोर्झोई तर मुळात सडपातळच. लांब केसांखाली हात घालून बघा. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, कमर आत गेलेली असली पाहिजे. येणारे-जाणारे "उपाशी ठेवता का?" म्हणतील, म्हणू द्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ते एकसारखं चढत राहावं, मध्येच उसळी मारू नये.

दोन ग्रेहाउंड भावंडं आहेत, चार महिन्यांची. एक प्रशिक्षक म्हणतात, वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं एवढाच व्यायाम, तोही पट्ट्यावर. ज्यांच्याकडून पिल्लं घेतली ते म्हणतात, मोकळं सोडा, पळू द्या, नाहीतर पाय तयार होणार नाहीत. कुणाचं ऐकावं? आणि असं कधीपर्यंत सांभाळायचं?

मी पिल्लं देणाऱ्यांच्या बाजूची आहे, पण काही अटींवर.

पाच मिनिटांचा नियम कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. पट्ट्यावर चालवताना तो ठीक आहे, कारण तिथे थांबायचं कधी ते माणूस ठरवतो आणि पिल्लू मुकाट्याने ओढलं जातं. मोकळ्या पिल्लाचं तसं नसतं. ते दोन मिनिटं वाऱ्यासारखं पळतं, धपकन बसतं, गवत हुंगतं, पुन्हा उठतं. हे थांबणं त्याच्या हाडांना लागतं आणि पळणंही लागतं. हाड भार सोसूनच घट्ट होतं. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा मागोवा घेतला गेला, त्यांत आयरिश वुल्फहाउंडही होते. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याची विकृती जास्त आढळली. मऊ, थोड्या उंचसखल मोकळ्या जागेत सुट्टं हिंडणाऱ्यांत कमी. चार महिन्यांच्या पिल्लांचं माझं सगळं मत या दोन वाक्यांवर उभं आहे.

तर जागा मऊ हवी, गवताची किंवा मातीची, खड्डे आणि बिळं नसलेली. फरशीवर, डांबरावर पळवू नका. भावंडं एकमेकांशी पळू देत, त्यांची ताकद सारखी आहे. मोठ्या कुत्र्याबरोबर मात्र सोडू नका. चाळीस किलोचा ग्रेहाउंड खेळात खांद्याने धडकला की पिल्लू कोलांट्या खातं, आणि अशा कोलांटीतून उठून लंगडणारी पिल्लं दर वर्षी माझ्याकडे येतात. सायकलमागे पळवणं, दोरीला बांधलेलं फडकं गोल गोल फिरवून त्यामागे पळवणं हे वाढ पूर्ण होईपर्यंत नाही म्हणजे नाही. सरळ पळणं आणि वळणावर पळणं यांत फार फरक आहे. २००५ मध्ये ग्रेहाउंडच्या धावेचं मोजमाप प्रसिद्ध झालं. वळणावर माणूस वेग कमी करतो. ग्रेहाउंड करत नाही, आणि त्याच्या पायांवरचा जोर सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो. तयार हाडाचं कुत्रं तो पेलतं. चार महिन्यांच्या चकतीवर तो टाकायचा नसतो.

मागच्या पायांकडेही लक्ष असू द्या. चार ते आठ महिन्यांच्या ग्रेहाउंडमध्ये गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला पुढून एक उंचवटा असतो. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन तिथे धरलेला असतो आणि तो उंचवटा अजून कूर्चेनेच चिकटलेला असतो. जोराच्या झेपेत किंवा पडताना स्नायू तो उपटून काढतो. पिल्लू एकदम मागचा पाय टेकेनासं होतं, गुडघ्याखाली सूज येते. हे त्याच दिवशी दाखवायचं. पूर्ण उपटला असेल तर तो पुन्हा बसवावा लागतो.

कधीपर्यंत सांभाळायचं असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. ग्रेहाउंडच्या बहुतेक चकत्या वर्षाच्या आसपास बंद होतात, वुल्फहाउंडसारख्या अजस्र जातींत दीड वर्षापर्यंत थांबावं लागतं.

नऊ आठवड्यांचं व्हिपेट पिल्लू. चार दिवसांपासून पुढची दोन्ही मनगटं पुढे लचकतात, गुडघे मोडल्यासारखं चालतं. लाकडी पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत.

पट्ट्या नका बांधू. पडलं-झडलेलं नसेल, ताप नसेल, तर दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांत हे दिसतं. वाकवणारे आणि ताठ करणारे स्नायू एका वेगाने वाढत नाहीत, त्यातून मनगट पुढे लचकतं, काहींत उलट मागे टेकतं. पट्टीत बांधलं की उरलासुरला स्नायूही ढिला पडतो. घसरणारी फरशी झाका, खाली रबरी चटई घाला, पिल्लाच्या वयाचं संतुलित खाणं द्या, रोज गवतावर थोडं थोडं हिंडवा. बहुतेक पिल्लं एक ते चार आठवड्यांत सरळ उभी राहतात. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल किंवा एकच पाय लचकत असेल तर दाखवा.

डिअरहाउंड पिल्लू, चार महिने. काल रात्रीपासून उठत नाही, चारही पायांची मनगटं-घोटे गरम लागतात, खात नाही. अंगही तापलेलं आहे. वाढीच्या वेदना असतील का? हे छापून येईपर्यंत वाट बघू शकतो.

तुम्हाला मी फोनवरच सांगितलं की वाट बघू नका, आणि तुम्ही तासाभरात निघालात, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. इतरांसाठी लिहिते. दोन ते आठ महिन्यांच्या मोठ्या जातींच्या पिल्लांत हाडांच्या टोकांना असा दाह होतो, त्याला हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी म्हणतात. एक्स-रेत चकतीशेजारी तिला समांतर दुसरी काळी रेघ दिसते, जणू दोन चकत्या आहेत. ताप १०५ फॅरनहाइटच्या वर जाऊ शकतो, पिल्लू पाणीही पीत नाही. दाह आणि वेदना कमी करणारी औषधं, सलाईन, मऊ अंथरूण, कूस बदलत राहणं यावर बहुतेक पिल्लं सावरतात, पण काहींना झटका पुन्हा येतो. पूर्वी यावर क जीवनसत्त्व द्यायचे, त्याचा उपयोग होत नाही.

"वाढीच्या वेदना" म्हणतात तो प्रकार वेगळा आहे. पाच महिन्यांनंतरची पिल्लं आज या पायाने, पंधरा दिवसांनी त्या पायाने लंगडतात, मधलं हाड दाबलं की ओरडतात. ते पॅनऑस्टायटिस, दुखरं पण आपोआप बरं होणारं. अर्थात पॅनऑस्टायटिस आहे हे आधी एक्स-रेने ठरवावं लागतं, घरबसल्या नाही.

पाच महिन्यांच्या ग्रेहाउंडचा एक्स-रे गुंगी देऊन काढायचा आहे. ग्रेहाउंड भुलीत दगावतात असं ऐकून घरच्यांनी नकार दिलाय. शिवाय सहाव्या महिन्यात नसबंदी करायची का, हेही ठरत नाहीये.

घरच्यांची भीती जुन्या खऱ्या अनुभवांतून आली आहे. थायोपेंटल नावाचं भुलीचं औषध पूर्वी सर्रास वापरायचे. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी थोडी आणि त्याचं यकृत असली औषधं सावकाश निचरतं, त्यामुळे इतर कुत्रं तासाभरात उठायचं तिथे ग्रेहाउंड कितीतरी तास उठायचा नाही. आज दुसरी औषधं आहेत, आणि पळणाऱ्या जातींना भूल देण्यात पशुवैद्यांचा हात बसलेला आहे. मात्र "हा ग्रेहाउंड आहे" हे वाक्य तुम्ही स्वतः बोलून, कागदावर लिहून घ्या, विशेषतः पिल्लू मिश्र जातीचं दिसत असेल तर. एक्स-रे टाळण्याचा धोका गुंगीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. पाच महिन्यांच्या पायाकडे थांबायला वेळ नसतो.

नसबंदी सहाव्या महिन्यात करू नका, असं मी सांगेन. चकत्या बंद करण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो. ती लवकर काढून घेतली की चकत्या उशिरापर्यंत उघड्या राहतात आणि हाडं ठरल्यापेक्षा लांब होतात. पाय आधीच तपासणीत असलेल्या पिल्लात हा गोंधळ नको. वाढ संपली असं एक्स-रे सांगेल तेव्हा तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा.

एक्स-रेच्या दिवशी घरून एक जाड पांघरूण न्या. ही पिल्लं भुलीत फार पटकन गार पडतात. टेबलावर ठेवल्यापासून डोळे उघडून मान धरेपर्यंत ते अंगावर राहू द्या, आणि ती मान धरेपर्यंत घरातलं कुणीतरी शेजारी बसू द्या.